रंगवल्यावरही डाग दिसतोच आहे? रंगाची पुडी आणण्याआधी हे तपासा

डाग पडलेला चांगला सुती कुर्ता टाकून द्यायला जिवावर येतं. मग कुणीतरी सुचवतं, "गडद रंगात बुडव, काही दिसणार नाही." कुर्ता बुडवतात, वाळवतात, आणि डाग होता तिथेच असतो. कधी आधीपेक्षा ठळक. असे एकदा रंगवून फसलेले कपडे माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा दोष रंगाच्या पुडीत नसतो. कपड्याचा रंग म्हणजे भिंतीला द्यायचा ऑइलपेंट नव्हे. तो पारदर्शक असतो, धाग्यात मुरतो आणि तिथे आधी जे काही असेल त्यात मिसळतो. डाग झाकणं त्याला जमत नाही. म्हणून खरं काम बादली भरण्याआधी असतं.

लक्षणं: तुमच्या कपड्याचं नेमकं काय झालंय?

- डाग आता बाकीच्या कपड्यापेक्षा गडद दिसतो. चहा, गंज, केळीचा चीक यांचं असं होतं.
- डागाच्या जागी रंग चढलाच नाही, फिकट ठिपका राहिला. तेल, तूप, मेण, डिंक किंवा काखेतला डिओडरंटचा थर असू शकतो.
- ब्लीचचा ठिपका होता तो ठिपकाच राहिला, भोवतीचं कापड मात्र आणखी गडद झालं.
- सगळा कपडा हवा होता त्याच्या निम्म्याने फिका आला.
- कपडा छान रंगला, पण शिवणी पांढऱ्याच राहिल्या.
- डाग गेला, पण अंगभर ढगाळ चट्टे आले.
- रंगवताना हळदीचा डाग अचानक लाल झाला.
- पहिल्या दोन-तीन धुण्यांतच रंग पाण्यात उतरला.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग स्वस्त, मग वेळखाऊ.

कापडात जीव आहे का?

डागाची जागा उजेडासमोर धरा. विण विरळ दिसते का? मग दोन्ही अंगठ्यांनी डागाच्या दोन बाजू धरून हलकेच ताणा. ब्लीचने किंवा वर्षानुवर्षांच्या घामाने सुती धागा कुजतो. असा कपडा रंगवला तर रंग कदाचित बरा येईल, पण पिळताना तिथेच फाटेल. कापड ताणताना कुरकुरलं किंवा धागे सुटले तर रंगवण्याचा विचार सोडून द्या. तिथे ठिगळ, भरतकाम किंवा खिसा लावणं हाच उपाय. कापडात दम असेल तरच पुढे जा.

पाण्याचा थेंब

मला सगळ्यात आवडणारी तपासणी. चमच्याने एक थेंब डागावर टाका आणि एक स्वच्छ जागी. दोन्ही सारखेच शोषले गेले तर ठीक. डागावरचा थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तिथे तेलकट किंवा मेणचट थर आहे. जिथे पाणी शिरत नाही तिथे पाण्यात विरघळलेला रंगही शिरणार नाही.

असा थर काढायला भांडी घासायचा लिक्विड साबण डागावर कोरडाच चोळून अर्धा तास ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा. मेण असेल तर आधी खरवडा, मग वर-खाली कागद ठेवून इस्त्री फिरवा म्हणजे उरलेलं मेण कागदात उतरतं. पुन्हा थेंब टाकून बघा. थेंब लगेच मुरेपर्यंत हे करत राहायचं. फिकट ठिपक्याची बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात आणि खर्च जवळपास शून्य.

हा थेंब कपड्यावर आणखी दोन-तीन ठिकाणीही टाका. सगळीकडेच थेंब रेंगाळत असेल तर कपड्यात खळ आहे किंवा फॅब्रिक सॉफ्टनरचा थर आहे. नवी सुती साडी, स्टार्च केलेले कुर्ते, लॉन्ड्रीतून आलेले शर्ट यांत हे हमखास असतं, आणि ढगाळ चट्ट्यांचं ते एक मोठं कारण. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाणी आणि साबणाने धुवा. रंगवण्याआधी शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर अजिबात घालू नका.

मोबाइलवर कृष्णधवल फोटो

दिवसाउजेडी कपड्याचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आता रंग निघून गेला, फक्त गडद-फिकटपणा उरला. डाग भोवतीच्या कापडापेक्षा जितका गडद दिसेल तितका किंवा त्याहून गडद रंग तुम्हाला लागणार. फोटोत डाग जवळपास काळा दिसत असेल तर मरून किंवा बॉटल ग्रीनने काम होणार नाही. आणि डाग फोटोत जवळजवळ दिसेनासा झाला तर आनंदाची गोष्ट: मध्यम छटेतही तो मिसळून जाईल.

याच पायरीवर रंगाची निवड करा. सगळे जण थेट काळ्याकडे धावतात आणि मला ते पटत नाही. काळा रंग घरी नीट चढवणं सगळ्यात अवघड, पुडीही दुप्पट-तिप्पट लागते. त्यापेक्षा डागाच्या नात्यातला रंग घ्यावा. चहा-कॉफी, केळीचा चीक, गंजाची पुसट खूण असेल तर कॉफी, विटकरी, मेहंदी. निळी शाई असेल तर नेव्ही किंवा बॉटल ग्रीन. पिवळसर डाग असेल तर मोहरी, हिरवा, तपकिरी. पिवळ्या डागावर निळा टाकला की हिरवा ठिपका उठतो, जांभळा टाकला की मळकट तपकिरी. हे रंगांच्या मिश्रणाचं साधं गणित आहे आणि डागाला ते चुकवता येत नाही. कपड्याचा मूळ रंगही याच गणितात येतो: गुलाबी कुर्ता निळ्यात बुडवला तर निळा होणार नाही, जांभळा होईल.

एक धागा जाळून बघा

आतल्या शिवणीतून कापडाचा (शिवणीच्या दोऱ्याचा नव्हे) एक धागा काढा. स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी ठेवून, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडली जाणारी राख म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक काळी गोळी झाली तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागदाचा वासही आला आणि बारीक कडक कणही उरले तर टेरिकॉट, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण.

ही तपासणी का? कारण "निम्म्याने फिका आला" या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी टेरिकॉट निघतं. शाळेचे पांढरे शर्ट, ऑफिसचे "इस्त्री न लागणारे" शर्ट, बरेचसे तयार सलवार-कुर्ते यांत पॉलिएस्टर असतंच, कधी अर्ध्याहून जास्त. सुती कापडाचा रंग फक्त सुती धाग्याला लागतो, पॉलिएस्टरचा धागा पांढरा राहतो, दोन्ही मिळून फिकी छटा दिसते. रंग दुप्पट घातला तरी फरक पडत नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स प्रकारचे रंग लागतात, आणि कारखान्यात ते दाबाखाली साधारण १३० अंश सेल्सियसला चढवतात. घरच्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं. त्यामुळे निव्वळ पॉलिएस्टर घरी रंगवायचं नाही, एवढं मनाशी पक्कं करा. टेरिकॉट रंगवू शकता, पण मध्यम छटाच मिळेल हे धरून.

पांढऱ्या शिवणींचंही हेच कारण. सुती कपडाही शिवतात पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. ती चूक नाही, तिला उपायही नाही. मला तर गडद कपड्यावर ती पांढरी शिवण देखणी वाटते. नको असेल तर दिसणाऱ्या शिवणी शिंप्याकडून उसवून नव्या दोऱ्याने घालून घ्या.

डाग कशाचा आहे हे ठरवा

*हळद.* हळदी समारंभातले पांढरे कुर्ते हा लग्नसराईतला माझा नेहमीचा ऐवज. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारी पाण्यात लाल होतं, म्हणून साबण लागला की डाग लाल दिसतो आणि माणसं घाबरतात. रंगवताना सोडा घातल्यावरही हेच होतं. साध्या पाण्यात खळबळलं की तो पुन्हा पिवळा होतो. पण हळदीची खरी कमजोरी ऊन आहे. धुतलेला ओला कपडा डाग वर ठेवून कडक उन्हात वाळवा, पुन्हा ओला करा, पुन्हा वाळवा. दोन-चार उन्हांत बरेच डाग इतके पुसट होतात की रंगवायची गरजच उरत नाही. घाईने हळदीवरच रंग चढवला तर आणखी एक गंमत होते. आज हिरवट दिसणारा ठिपका पुढे उन्हात वाळता-वाळता बदलत जातो, कारण खालची हळद उडते आणि वरचा रंग राहतो. तेव्हा आधी ऊन, मग रंग.

*गंज.* लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. गंज तसाच ठेवू नका, कारण लोखंड आणि चहा-हिरड्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड वापरून कापड काळं करायची जुनी रीत आहे ती यावरच. म्हणजे गंजावर चहा सांडला तर डाग दुप्पट हट्टी होतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने गंज जातो, पण ते विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात ते आणूच नका, ड्रायक्लीनरला सांगा.

*बिब्बा, केळीचा आणि काजूचा चीक.* हे जात नाहीत. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत ते उगाच नाही. नात्यातला गडद रंग घ्या किंवा खाली सांगितलेला ठशाचा मार्ग.

*होळीचे रंग.* वेगळे धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर तेच रंग तुमच्या बादलीत उतरून नवा रंग बिघडवतील.

*ब्लीच.* इथे जरा थांबून सांगावं लागेल. ब्लीचचा ठिपका हा खरं तर डाग नाही, तिथला मूळ रंग गेलेला आहे. सगळा कपडा त्याच रंगात बुडवला तर भोवतीचं कापडही तेवढंच पुढे जातं आणि फरक कायम राहतो. शिवाय धाग्यात ब्लीचचा अंश उरलेला असेल तर तो नवा रंगही खातो. म्हणून आधी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालवायला याचेच स्फटिक मिळतात. अर्ध्या बादली पाण्यात एक चमचा, १५ मिनिटं भिजवा, नीट धुवा. मग फक्त ठिपक्यावर ब्रशने दाट रंग लावायचा, मध्यापासून सुरुवात करून कडेच्या थोडं आत थांबायचं, कारण रंग आपोआप बाहेर पसरतो. प्लॅस्टिकने झाकून काही तास ठेवा, धुवा, वाळवा. ठिपका भोवतीच्या छटेजवळ आला की मगच पूर्ण कपडा बुडवा. काळ्या कपड्यावर ब्लीच पडलं तर नारिंगी ठिपका उरतो, त्यावर थेट काळा लावला की तपकिरी झाक येते. आधी थोडा नेव्ही लावा, मग काळा.

आणि एक गोष्ट जिवाशी गाठ म्हणून लक्षात ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पुडी आणि सोडा

इथवर सगळं ठीक असेल तर खर्चाला हात घाला. बाजारात सुती कापडासाठी ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक उकळून लावायच्या पुड्या: मिठाबरोबर उकळायचं की झालं. सोपं असतं, पण रंग धुण्यागणिक थोडा उतरत राहतो. दुसरा रिअ‍ॅक्टिव्ह रंग, दुकानदार ज्याला कोल्ड ब्रँड म्हणतात. या जातीचे पहिले रंग १९५६ मध्ये बाजारात आले. हा रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध करतो, म्हणून नीट लावला तर तो टिकतो. डाग लपवायला मी हाच वापरते.

या बंधाला लागतो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याचं द्रावण पुरेसं आम्लारी नसतं. पहिल्या धुण्यातच रंग उतरला, असं सांगत कुणी आलं की मी आधी सोड्याची पुडी बघायला मागते. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुती कपड्याचा रंग "पक्का" होतो, ही समजूतही सोडून द्या. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, बांधून ठेवत नाही. व्हिनेगर रेशीम-लोकरीच्या रंगांना उपयोगी, सुताला नाही.

पुडी जुनी आहे का तेही बघा. दमट हवेत उघडी राहिलेली पुडी निकामी होते. कोकणात पावसाळ्यानंतर तर मी उघड्या पुडीवर भरवसाच ठेवत नाही. आधी चिंधीवर करून बघा. नाव-गाव नसलेली सुटी भुकटी घेऊ नका, अंगाला लागणाऱ्या कपड्याला तर नकोच. बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली ती आरोग्याच्याच कारणाने.

पाणी आणि भांडं

साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. बोअरवेलच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगाला मध्येच धरतात, छटा मळकट येते, चट्टे पडतात. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, पावसाळ्यात पागोळीचं उत्तम. चट्ट्यांचं दुसरं कारण छोटं भांडं. कपड्याच्या वजनाच्या वीसपट पाणी हवं, कपडा त्यात मोकळा फिरला पाहिजे. कुर्ता २५० ग्रॅमचा धरला तर ५ लिटर.

त्या ५ लिटरचं माझं प्रमाण असं: मध्यम छटेला ५ ते ७ ग्रॅम रंग, काळ्याला १५ ते २० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोडा अ‍ॅश ६० ग्रॅमच्या आसपास. रंग थोड्या कोमट पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्या, न विरघळलेला कण जिथे बसेल तिथे नवा डाग पडतो. कपडा आधी पूर्ण ओला करून पिळलेला असावा. कोमट पाण्यात मीठ आणि रंग, त्यात कपडा, अर्धा तास सतत हलवणं. मग कपडा बाजूला करून वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा घाला, थेट कपड्यावर ओतू नका. परत कपडा घालून एक तास, अधूनमधून हलवत. नंतर गार पाण्याने खळबळा आणि शेवटी उकळत्या पाण्यात थोडा साबण घालून १० मिनिटं ठेवा. हे गरम धुणं टाळलं की न बांधला गेलेला रंग पुढच्या महिनाभर बाकीच्या कपड्यांना लागत राहतो. वाळवताना उलटा करून सावलीत.

हातमोजे घाला, भुकटी हाताळताना तोंडाला मास्क लावा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची धूळ श्वासातून जाऊन काहींना दम्यासारखी अ‍ॅलर्जी होते. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा कुंड्यांत ओतू नका.

तरीही डाग दिसतोय

दुसऱ्यांदा बुडवण्याआधी पाण्याच्या थेंबापासून पुन्हा सुरुवात करा. थेंब मुरतोय, कापड सुती आहे, सोडा बरोबर होता, तरी डाग दिसतोय, असं असेल तर अजून एक गडद हात द्या. त्यानंतर मात्र थांबा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कापड राठ होतं आणि हाती काही लागत नाही. अशा कपड्यावर मी लाकडी ठशाने, पिगमेंट रंग आणि बाइंडर वापरून छाप मारते. हा रंग कापडाच्या वर बसतो, त्यामुळे तो खरोखर झाकतो. एकाच डागावर छाप मारू नका, तो उठून दिसतो. पदरावर, बाह्यांवर, गळ्याशी तोच ठसा पसरा. बांधणीही चांगली, डाग वळ्यांच्या नक्षीत हरवतो.

इथे घरचं काम थांबवा

पैठणी, जरीची कुठलीही साडी, आईच्या किंवा आजीच्या आठवणीची रेशमी साडी: सोड्याने रेशीम खराब होतं, जरीचे धागे काळवंडतात. ती पेटीतून थेट जाणकाराकडे गेली पाहिजे. तसंच अस्तर लावलेले कोट, लोकरीचे सूट, दाट भरतकाम, निव्वळ पॉलिएस्टर, "फक्त ड्रायक्लीन" असं लेबल असलेलं काहीही. जुना रंग पूर्ण उतरवून नवा चढवायचा असेल तेव्हाही थांबा. त्यासाठी रंगारी हायड्रो वापरतात. ती भुकटी ओल लागली की तापते, पेट घेऊ शकते, तिचा वायू घशाला झोंबतो. घरच्या मोरीत ते काम नको.

रंगाऱ्याकडे किंवा ड्रायक्लीनरकडे जाताना कपडा धुऊन, इस्त्री न करता न्या, कारण इस्त्रीने डाग घट्ट बसतो. डाग कशाचा, किती जुना, त्यावर काय काय लावून पाहिलं ते सगळं सांगा, ब्लीच लावलं असेल तर आवर्जून. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा रंगवून दाखवाल का, कपडा किती आटेल, आणि डाग पूर्ण न गेल्यास मजुरी किती घ्याल, हे कपडा हातातून सोडण्याआधी विचारा.